खांद्याचे दुखणे आणि दुर्बिणीचा मोह

ज्यांचा संसार खांद्यावरच्या ओझ्यावर चालतो, त्यांच्या खांद्याच्या दुखण्याचा विचार आपल्याकडील आरोग्यविषयक चर्चेत क्वचितच होतो. हमाल, गवंड्याच्या हाताखालची मजूर स्त्री, छत रंगवणारा रंगारी यांचा हात एक दिवस डोक्याच्या वर जाईनासा होतो. मग कोणीतरी सांगते, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घ्या. दोन-तीन छिद्रांत काम भागते. घरातले किडूकमिडूक गहाण टाकण्यापूर्वी हा सल्ला तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या तंत्राचे मोल नाकारण्याचे कारण नाही. जपानमध्ये केंजी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले. मासाकी वातानाबे यांनी पुढे तिला व्यवहारोपयोगी रूप दिले. आज वारंवार निखळणारा खांदा स्थिर करणे, अपघाताने तुटलेला कंडरा हाडाला पुन्हा जोडणे ही कामे मोठा छेद न घेता होतात. अशा रुग्णाने विलंब करू नये.

परंतु ज्या खांद्यात काही तुटलेले नाही, नुसती वेदना आहे, त्याचे काय? १९७२ साली अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी उपपत्ती मांडली की, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली कंडरा घासला जातो व त्यातून वेदना उद्भवते. सबब ते हाड खालून तासून जागा मोकळी करावी. पुढे हेच काम दुर्बिणीतून होऊ लागले. इंग्लंडमध्ये २००० साली अशा सुमारे अडीच हजार शस्त्रक्रिया झाल्या. २०१० साली एकवीस हजारांवर. दहा वर्षांत माणसांचे खांदे आठपटीने बिघडले नव्हते. वाढली होती ती सोय, आणि सोयीबरोबर सवय.

अखेर ऑक्सफर्डच्या शल्यविशारदांनीच या शस्त्रक्रियेला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांतील ३१३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाचे हाड तासले, दुसऱ्याच्या खांद्यात दुर्बीण घालून केवळ पाहिले, तिसऱ्यावर काहीच उपचार केले नाहीत. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: हाड तासणे आणि नुसते पाहणे यांत फरक नाही, काहीच न केलेल्यांच्या तुलनेतही लाभ नगण्य. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञमंडळाने अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी स्पष्ट शिफारस केली.

यातून आपण काय घ्यावे? जेथे प्रत्येक शस्त्रक्रियेचे स्वतंत्र बिल होते, तेथे ‘थांबा, व्यायाम करा’ या सल्ल्यात कोणाचीच कमाई नसते. म्हणूनच तो सल्ला देणारी माणसे सार्वजनिक व्यवस्थेत हवीत. शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असली तरी छिद्र लहान म्हणून रजा लहान होत नाही. जोडलेल्या कंडऱ्यासाठी हात काही आठवडे झोळीत ठेवावा लागतो, ओझे उचलण्यास तर कित्येक महिने लागतात. त्या काळातील रोजगार कोण देणार, याचे उत्तर कोणत्याही दुर्बिणीत दिसत नाही.

आणि मूळ प्रश्न ओझ्याचाच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. तरीही पोत्याचे वजन कमी करून घेण्यासाठी हमालांच्या संघटनांना दीर्घकाळ झगडावे लागले. तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यायामोपचाराचा तज्ज्ञ, शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मोफत मत, आणि सक्तीच्या विश्रांतीच्या काळात मजुरीची हमी. १९६९ च्या माथाडी कायद्याने उभी राहिलेली मंडळे या कामी पुढाकार घेऊ शकतात. खांदा दुरुस्त करून तो पुन्हा त्याच ओझ्याखाली द्यायचा, याला उपचार म्हणता येणार नाही.