७२ तास कुणाच्या हातात?

‘ही गोळी सहज मिळाली तर पोरी मोकाट सुटतील.’ हे वाक्य मी औषधाच्या दुकानात ऐकते, आरोग्य केंद्रात ऐकते आणि महिला मंडळांच्या बैठकांतही ऐकते. निरोध विकताना पुरुष मोकाट सुटतील अशी काळजी कुणाला वाटल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही!

तातडीची गर्भनिरोधक गोळी म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर घेऊ तितकी उपयोगी. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. २००५ पासून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. तरी वस्तीत तिचं नाव ‘पाडायची गोळी’च.

आता बाईच्या बाजूने हे ७२ तास मोजा. शनिवारी रात्री नवरा पिऊन आला, निरोध वापरला नाही. रविवारी उपकेंद्र बंद. सोमवारी रोज बुडवणं परवडत नाही. मंगळवारी सासूला काय सांगून बाहेर पडायचं? मंगळवारी रात्री मुदत संपली. मग म्हणायचं, बाईच निष्काळजी!

आपल्यातल्या काहीजणींचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मोलाचा आहे. १९८६ मध्ये नेट-एन इंजेक्शनविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रत्येक प्रयोग बाईच्याच शरीरावर का, हा त्यांचा सवाल आजही जिवंत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के! पण म्हणून इंजेक्शन आणि ही गोळी एकाच मापाने मोजू नका. टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही, त्याचा अंमल दोन-तीन महिने राहतो. गोळी बाई स्वतःच्या हाताने, गरजेपुरती घेते. आपला विरोध बाईला अंधारात ठेवण्याला होता. मग या गोळीची माहिती न देणं म्हणजे तरी दुसरं काय?

माहिती द्यायची तर पुरी द्यायची. जाहिराती भीती विकतात, तसं नको. मळमळ होईल, पाळी पुढेमागे होईल. दोन तासांत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागेल. एड्सपासून संरक्षण नाही. ही रोजची पद्धत नव्हे आणि पुरुषाला निरोधातून सुटीही नव्हे. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीहून खात्रीची. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करायचीच. साधन निकामी ठरून गर्भ राहिला, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहित स्त्रीलाही २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा कायदेशीर मार्ग आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, गटांच्या पुढच्या बैठकीत तीन मागण्या घेऊ या. २०११ च्या घरपोच योजनेत आशाताईंकडे ही गोळी २ रुपयांत मिळेल असं ठरलं होतं. आपल्या आशाताईंना तिचा पुरवठा होतो का, ते विचारा. बलात्कार झालेल्या स्त्रीला पोलिसांच्या कागदांसाठी न थांबवता रुग्णालयाने गोळी दिलीच पाहिजे. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ती उपचाराचाच भाग आहे. आणि गोळी गरज पडण्याआधीच बाईच्या डब्यात असली पाहिजे.

घड्याळ तिच्या शरीराचं आहे. चावी दुकानदाराच्या, सासूच्या किंवा आपल्या हातात का?