पायाखालची जमीन

युद्धखेळातल्या लघुसैनिकांविषयी जे लेखन होते ते बहुतेक कमरेच्या वरचे असते. गणवेशाच्या निळ्याची नेमकी छटा कोणती, बटणे किती, बुबुळे कशी रंगवावीत यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. सैनिक ज्या चकतीवर उभा असतो तिची मात्र 'शेवटी थोडी वाळू चिकटवावी, वर गवत भुरभुरावे' एवढ्या एका वाक्यात बोळवण होते. गेली काही वर्षे हा छंद करताना माझे मत नेमके उलट होत गेले आहे. माझ्या टेबलावर आता आधी बैठक तयार होते आणि मग तिच्यावर माणूस चढतो.

इंग्रजीत हिला बेस म्हणतात. मी बैठक म्हणतो. मूर्तीला बैठक असते, गाण्याला असते आणि विचारालाही असावी अशी अपेक्षा असते.

इतिहास पाहिला तर हा क्रम काही माझा विक्षिप्तपणा नव्हे. १८२४ साली प्रशियाचा लेफ्टनंट गेओर्ग फॉन राइसविट्झ याने आपल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्या खेळात माणसांच्या आकृत्या नव्हत्याच. १:८००० प्रमाणाच्या नकाशावर छोटे आयताकृती ठोकळे सरकवायचे आणि ठोकळ्याची लांबी म्हणजे त्या तुकडीने रणांगणावर व्यापलेली प्रत्यक्ष लांबी. म्हणजे नुसत्या बैठका. त्यांच्यावर उभे राहायला कोणी नाही. त्याच्या वडिलांनी त्याआधी, १८१२ च्या सुमारास, राजासाठी जो खेळ केला होता त्यात तर उंचसखल भूमी साच्यातून काढलेल्या चौकोनी तुकड्यांची होती. थोडक्यात, बापाने जमीन केली, मुलाने जागेचे माप केले. माणूस नंतर आला, आणि तो आला खेळण्यांच्या दुकानातून.

खेळण्यांच्या दुकानातून आलेला माणूस म्हणजे ब्रिटन या इंग्लिश कंपनीचा पोकळ शिशाचा सैनिक. १८९३ पासून ही पोकळ ओतकामाची पद्धत रूढ झाली आणि सैनिक स्वस्त झाले. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या 'लिटल वॉर्स'मध्ये हेच शिपाई आहेत. तिथे स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटते, आणि जो सैनिक आडवा होतो तो मेला. हा नियम वाचताना मला नेहमी गंमत वाटते. ज्याची बैठक जड आणि रुंद, तो त्या जगात जवळजवळ अमर! बैठक म्हणजे नुसती शोभा, असे मानणाऱ्यांनी या एका नियमाचा विचार करावा.

पुढे, १९९० मध्ये 'दे बेलिस अँटिक्विटाटिस' हे प्राचीन युद्धांचे नियम आले. त्यांनी पुन्हा राइसविट्झचीच वाट धरली. पंधरा मिलिमीटरच्या आकृत्यांसाठी बैठकीची रुंदी चाळीस मिलिमीटर, सर्वांना सारखी. खोली मात्र सैनिकाच्या प्रकाराप्रमाणे बदलते. एका बैठकीवर चार जण दाटीने उभे असतील तर ते भालाईत, दोघेच विखुरलेले असतील तर गोफणवाले वा तत्सम हलके पायदळ. मृत्यू माणसाला येत नाही, बैठकीला येतो. माणसे फक्त ती कोण आहे हे सांगायला उभी असतात.

आता टिकाऊपणाविषयी, कारण माझा खरा वाद तिथून सुरू होतो. लघुसैनिक ही काचेच्या कपाटातली वस्तू नाही. ती एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा उचलली जाते, सरकवली जाते, खोक्यात घातली जाते, क्वचित पडते. म्हणून जी बैठक हाताळणी सोसत नाही ती कितीही देखणी असली तरी खोटी आहे, असे मी मानतो. सुपरग्लू ओढ सोसतो, पण बाजूने बसलेला फटका सोसत नाही. धातूचा सैनिक टेबलावरून पडला की घोट्यापाशी नेमका सुटतो. त्यावर इलाज जुना आहे. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने टाचेत एक मिलिमीटरचे भोक पाडावे, पितळी तारेचा तुकडा बसवावा आणि तीच तार बैठकीत खोल न्यावी. गोंद मग फक्त जागा धरून ठेवतो, भार तार घेते. घोडा मागच्या दोन पायांवर उभा असेल तर बैठकीखाली लोखंडी वॉशर चिकटवावा. वजन खाली राहते, आणि खोक्याच्या तळाला चुंबकी पत्रा लावला की प्रवासात फौज हलत नाही.

वाळू पांढऱ्या गोंदात बसवावी, आपल्याकडे सुतार वापरतात त्याच. ती वाळली की त्याच गोंदात निम्मे पाणी घालून वरून पुन्हा एक हात द्यावा. हा दुसरा हात बहुतेक लोक गाळतात आणि महिन्याभरात खोक्यात वाळू सापडली म्हणून कुरकुरतात. पातळ पत्र्याची वा पुठ्ठ्याची बैठक ओल्या गोंदाने एका बाजूला वाकते. म्हणून मी तीन मिलिमीटर जाडीचा एम.डी.एफ. वापरतो. जाडीचा आणखी एक फायदा आहे, तो कोणी सांगत नाही. बोटांना धरायला कड मिळते, मग माणसे सैनिकाला भाल्याने किंवा डोक्याने उचलत नाहीत. अर्धी झीज तिथेच वाचते.

मात्र टिकाऊपणालाही एक मर्यादा असावी, हे मला उशिरा कळले. २०१५ मध्ये एका मोठ्या ब्रिटिश कंपनीने आपल्या प्रसिद्ध कल्पनारम्य खेळाच्या जागी नवा खेळ आणला, आणि चौकोनी बैठकांच्या जागी गोल आल्या. २०२४ मध्ये जुना खेळ नव्या रूपात परतला तेव्हा चौकोनही परतले, पण अनेक पथकांसाठी माप पूर्वीपेक्षा मोठे. ज्यांनी आपले सैनिक कायमचे जखडले होते त्यांच्या हाती करवत आली. ज्यांनी साधा सुपरग्लू वापरला होता त्यांनी आकृत्या दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवल्या; थंडीने तो गोंद ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने सैनिक सुटतो. तेव्हापासून मी तार बैठकीच्या बाजूला घट्ट आणि टाचेच्या बाजूला सैलच ठेवतो. जुन्या चित्रांची डागडुजी करणारेसुद्धा पुढच्याला उलगडता येईल असेच काम करतात.

आता देखणेपणाकडे येतो. येथे मतभेद होणार हे मला ठाऊक आहे.

सध्या बाजारात साच्यातून काढलेल्या वा छापलेल्या तयार बैठका मिळतात. भग्न खांब, वेली, गंजलेले नळ, आणि कवट्या. कवट्या फारच. तीनशेहून अधिक प्लास्टिकच्या कवट्यांचे खोके विकत मिळते, तेवढ्यासाठीच, बैठकांवर पेरायला. कल्पित जगातल्या भयाण सैन्यांपुरते मी याला हरकत घेणार नाही. तिथे कवटी हा त्या जगाचा वेलबुट्टीचा नमुना आहे, आणि अतिशयोक्ती हीच त्या जगाची भाषा. पण हाच शौक ऐतिहासिक सैन्यांच्या पायाखाली येतो तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होते. त्याहून अस्वस्थ करते ती उलट टोकाची गोष्ट. वॉटर्लूचा शिपाई एखाद्या क्लबच्या हिरवळीवर उभा असावा तशी ती सपाट, ताजी, एकसारखी हिरवी बैठक.

वॉटर्लूची जमीन कशी होती हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. १७ जून १८१५ ची रात्र मुसळधार पावसात गेली. १८ तारखेच्या सकाळी माती इतकी भिजली होती की तोफा हलवणे अवघड झाले. नेपोलियनचा हल्ला साडेअकराच्या सुमारापर्यंत लांबला त्याचे एक कारण तेच मानले जाते. शेतांत राय नावाचे धान्य उभे होते, कित्येक ठिकाणी माणसाच्या खांद्याला लागेल इतके, आणि दिवसभरात ते पायांखाली व खुरांखाली लोळले. ब्रिटिश अधिकारी विल्यम सायबोर्न याने १८३० मध्ये या रणांगणाची प्रतिकृती करायला घेतली तेव्हा तो ला हे सेंतच्या शेतवाडीत कित्येक महिने राहून मोजणी करीत होता. हयात अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवली, आणि त्यांत तुमची पलटण कुठे होती एवढेच विचारले नाही, शेतात पीक कोणते होते हेही विचारले. १८३८ मध्ये लंडनला लोकांपुढे मांडलेली ती प्रतिकृती आज तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. मला सायबोर्नचा हेवा वाटतो तो त्या हजारो शिपायांसाठी नाही. पिकाविषयीच्या त्या प्रश्नासाठी वाटतो.

तोपर्यंत खरी जमीन मात्र बदललीही होती. १८२० च्या दशकात सिंहाच्या स्मारकाची टेकडी उभारायला वेलिंग्टनच्या फळीतलीच माती खणून नेली. आणि मृतांचे काय झाले? त्या मैदानावर पडलेल्या हजारोंपैकी सांगाडे मोजकेच सापडले आहेत. ग्लासगो विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ टोनी पोलार्ड यांनी २०२२ मध्ये मांडले की पुष्कळशी हाडे उकरून, दळून शेतीच्या खतासाठी विकली गेली असण्याचा संभव आहे. त्यानंतर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर शुद्ध करण्याच्या धंद्याकडेही बोट दाखवले; तिथे हाडांचा कोळसा लागत असे. हे वाचल्यावर कवट्यांचे खोके माझ्या हातून उघडत नाही. जिथे हाड उरलेच नाही तिथे आपण ते शोभेला मांडायचे, आणि जे होते ते चिखल आणि लोळलेले पीक वगळायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

आक्षेप येईल की हा खेळ आहे; एवढा सत्याचा आग्रह कशाला? आक्षेप खोटा नाही. मापाचे गणितच सत्य सांभाळू देत नाही. अठ्ठावीस मिलिमीटरच्या सैनिकाचे प्रमाण साधारण १:५६ धरले, तर एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे साडेपाच सेंटिमीटरचा गोटा. किनाऱ्यावरची वाळू चिकटवून आपण 'माती' म्हणतो तेव्हा सैनिक प्रत्यक्षात खडीच्या ढिगावर उभा असतो. दीड मीटर उंचीची राय सत्तावीस मिलिमीटर होते. सैनिक बुडून जातो, आणि बोट लागताच पीक मोडते. तेव्हा तडजोड अटळ आहे. प्रश्न एवढाच की ती कोणाच्या बाजूने करायची. मी बारीक चाळलेली माती घेतो, गडद तपकिरी रंग देतो, कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट छटा ओढतो आणि खोलगटात चकाकणाऱ्या वॉर्निशचा एक थेंब सोडतो, तेवढाच चिखल. पिकासाठी काथ्याच्या पायपुसण्याचे धागे फार उत्तम. इंग्लंडातले खेळाडूही तेच कापून शेते उभारतात. मी ते आखूड कापतो आणि ओल्या गोंदात एकाच दिशेने झोपवतो, म्हणजे कोणीतरी नुकतेच तिथून गेले आहे असे दिसते. चकतीची कड मात्र सपाट तपकिरी, काही न चितारलेली. तिथे जमीन संपते आणि खेळाचे साधन सुरू होते, हे डोळ्यांना कळले पाहिजे.

आणि त्या जुन्या सपाट हिरव्या बैठकांचीही मी टिंगल करणार नाही, हे सांगून ठेवतो. नव्वदीच्या दशकात टेबलच हिरव्या कापडाचे असे. बैठक त्यात मिसळून जाई. तो संकेत होता, आणि संकेत म्हणून प्रामाणिक होता. खटकते ती ढोंगी हिरवळ. शेजारी खरीखुरी वाटणारी भिंत आणि झाड, आणि पायाखाली बागेतले गवत.

माझ्या या हट्टाचे मूळ कदाचित दिवाळीच्या किल्ल्यात असेल. कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या मावळ्याला खाली एक जाडसर चौकोनी पाट असे, वरून हिरवा फासलेला. उतारावर तो उभा राहीना. आम्ही मग ओल्या चिखलात तो पाट पार दाबून टाकायचो, वर मोहरी वा अळीव पेरायचो, आणि चार-पाच दिवसांत मावळा खऱ्याच रोपांत गुडघाभर उभा असे. तेव्हा बैठक दिसत नव्हती. किल्ला हीच बैठक होती. दिवाळी संपल्यावर उपटून काढताना निम्म्या मावळ्यांचे पाट चिखलात राहत आणि पुढच्या वर्षी ते बिनपायांचे वीर बुरुजाला टेकून उभे केले जात. माझी आजी त्यांना जखमी म्हणे आणि सर्वांत वरच्या बुरुजावर जागा द्यायला लावी.

सध्या टेबलावर बारा ब्रिटिश शिपायांच्या बैठका वाळत आहेत. दोन ठिकाणी राय अजून उभी राहिली आहे. ती सकाळी ओल्या बोटाने पुन्हा झोपवावी लागेल, आणि मगच माणसे चढवता येतील.