नवी वही, मागील शिल्लक

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मध्यमवर्गीय घरांतल्या कितीतरी संगणकांना एकाएकी म्हातारपण आले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच चालतो. मग जुन्या पेटीत नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर बसवणे आले. त्यापाठोपाठ प्रश्न येतो : जुनीच प्रणाली नव्या भागांवर चालू ठेवायची, की कोरी घालायची?

माझे मत विचाराल तर, मदरबोर्ड बदलला की प्रणाली कोरीच घालावी. नुसती रॅम वाढवली तर या खटाटोपाची गरज नाही. एक्सपीच्या काळात मदरबोर्ड बदलला की यंत्र पुष्कळदा निळा पडदा दाखवून अडून बसे. आजची विंडोज समंजस आहे. नव्या भागांशी बहुधा आपण होऊन जुळवून घेते. पण जुन्या भागांचे ड्रायव्हर आणि कधीकाळी घातलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदी मागे राहतात. पुढे काही बिघडले, तर दोष नव्या भागाचा की जुन्या गाळाचा, हे शोधताना जाणकाराचीही दमछाक होते.

मी बँकेतला माणूस. आमच्याकडे लेजर भरले की नवे उघडत. कोऱ्या पानावर पहिली ओळ मागील शिल्लकेची. पण त्याआधी जुन्या लेजरातल्या प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून तिची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे. ती जुळल्याखेरीज अधिकारी सही करीत नसे. शिवाय जुने लेजर रद्दीत जात नसे, रेकॉर्ड रूममध्ये जाई.

घरच्या संगणकाबाबत मात्र आपण जुळवणीच विसरतो. दुकानातला मुलगा विचारतो, ‘काका, फॉरमॅट मारू का?’ आणि आपण खुशाल ‘मार’ म्हणतो. त्या मुलाला यंत्र चालू करून द्यायचे असते. डेस्कटॉपवरचे मुंजीचे फोटो, डाउनलोडमध्ये पडलेली विम्याची पावती, आजोबांच्या आवाजाची एखादी फीत, यांतले मोलाचे काय, हे त्याने कसे ओळखावे?

मराठी लिहिणाऱ्यांना तर आणखी एक घोर आहे. नव्वदच्या दशकात आपण श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरवर लिहीत होतो. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे बहुधा इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. कोऱ्या प्रणालीत तो फॉन्ट नसतो. फाइल शाबूत असते, पण उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. माझ्या दोन कादंबऱ्या अशा फॉन्टमध्ये आहेत. फाइलींबरोबर फॉन्टही मी जपले आहेत आणि एकेक प्रकरण युनिकोडमध्ये आणतो आहे. रूपांतरात रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, वेलांटी घसरते. ओळ न् ओळ वाचावी लागते.

म्हणून माझा आग्रह असा की, जमल्यास नवी एसएसडी घ्यावी आणि प्रणाली तिच्यावर घालावी. घालताना जुनी डिस्क काढून ठेवावी, म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याची भीतीच नाही. मदरबोर्ड बदलण्याआधी विंडोजचा परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावा, कारण तो मदरबोर्डशी बांधलेला असतो. यंत्राबरोबर आयताच आलेला परवाना नव्या बोर्डावर बहुधा चालत नाही, तो खर्च आधीच धरावा. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर आपलीच डिस्क आपल्याला दार उघडणार नाही. मग फाइली नव्या डिस्कवर आणाव्यात आणि नुसती संख्या न मोजता त्यांतल्या काही उघडून पाहाव्यात.

यात एखादा रविवार जाईल. जाऊ द्यावा. घरातल्या सगळ्यांना भोवती बसवावे, कारण काय ठेवायचे यावर प्रत्येकाचे मत निराळे निघते आणि सुनेला कचरा वाटणारी फाइल सासूबाईंचा जीव की प्राण असू शकते. प्रणाली तंत्रज्ञाने घालावी. शिल्लक कोणती, हे घरच्यांनीच ठरवावे. आणि ती जुळेपर्यंत फॉरमॅटवर सही करू नये.