प्रीॲम्प: गोल बटण की चिप?

घरच्या म्युझिक सिस्टिमसाठी प्रीॲम्प डिजिटल घ्यावा की जुन्या पद्धतीचा, असा विषय निघाला की कुणीतरी लगेच "ॲनालॉगचा गोडवाच वेगळा" म्हणतं आणि दुसरा आकडे काढतो. मला विचाराल तर दोघंही भलत्याच मुद्द्यावर भांडतायत.

प्रीॲम्पचं काम तसं साधं. कुठून ऐकायचं ते निवडायचं, आवाज कमी-जास्त करायचा, आणि रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याचा अगदी क्षीण सिग्नल मोठा करायचा. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो, तर एलपीच्या सुईकडून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट! शिवाय एलपी कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. १९५४ सालापासून रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार हे पुन्हा उलटं करावं लागतं.

आता डिजिटलची बाजू. आवाज डिजिटल पद्धतीने कमी केला की बारकावे जातात, हा आक्षेप जुना झाला. दर ६ डेसिबलला एक बिट खर्ची पडतो हे खरं, पण आतला हिशोब २४ किंवा ३२ बिटांत होत असेल तर सीडीच्या १६ बिटांना धक्का लागायला बराच अवकाश असतो. उलट जुन्या गोल बटणात धूळ गेली की खरखर सुरू होते, आणि रात्री अगदी हळू लावलं की डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही. शिवाय आपल्या खोल्या! दोन समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज तिथे घुमत राहतो. सतरंजी आणि पडद्यांनी तो हटत नाही. डिजिटल प्रीॲम्पमध्ये खोलीनुसार दुरुस्तीची सोय असेल, तर तो बराच आटोक्यात येतो.

एवढं सगळं मान्य करूनही मी जुन्या पद्धतीचाच घेतला. कारण गोडवा नाही, आयुष्य! त्यातलं बटण, रिले, कपॅसिटर बिघडले तर सोल्डरिंग येणारा कुणीही चांगला मेकॅनिक ते बदलू शकतो. डिजिटल डब्यात कंपनीची चिप आणि कंपनीचंच सॉफ्टवेअर. उद्या कंपनीने ॲप बंद केलं की निम्म्या सोयी गेल्या, आणि चिप मिळेनाशी झाली की सगळंच गेलं. म्हणून डिजिटलचं ॲनालॉग करणारा डॅक मी वेगळ्या डब्यात ठेवलाय. तो जुना झाला तर तेवढाच बदलायचा. काकांकडून आलेल्या ऐंशी-नव्वद एलपी मला अजून खूप वर्षं ऐकायच्या आहेत, आणि दर सात-आठ वर्षांनी सगळा संच नव्याने घेणं खिशाला परवडणारं नाही.

अर्थात, तुमच्याकडे एकही रेकॉर्ड नसेल, गाणी फोनवरून आणि टीव्हीवरूनच येत असतील, आणि खोली घुमत असेल, तर खुशाल डिजिटल घ्या. त्यात कमीपणा काही नाही. फक्त दुकानात आवाज ऐकून झाला की आणखी एक प्रश्न विचारा: दहा वर्षांनी हा बिघडला तर उघडणार कोण?