थंडीत परसात उतरणारे पक्षी : नवल कोणतं आणि काळजी कशाची?

डिसेंबर-जानेवारी आला की उरण-पनवेलच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. घरामागं, नळापाशी कुठलातरी अनोळखी पक्षी आणि खाली प्रश्न, "हा कोण रे?" बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. शेपूट वरखाली करणारा धोबी, नाहीतर शेपटी थरथरवणारा थिरथिरा. कधी भोरड्यांचा थवाच येतो. हे दरवर्षीचे पाहुणे. थंडीला येतात, उन्हाळा लागला की परत जातात.

खाडीचा पक्षी वस्तीत दिसला तर मात्र विचार करायला हवा. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, अंगणात उतरणारा पक्षीच नव्हे. ओहोटीला तो ठाणे खाडीच्या चिखलात चरतो. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग पाणी उतरेपर्यंत थव्याला उभं राहायला जवळच उथळ पाणी लागतं. नेरुळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्यची पाणथळ, उरणकडे पाणजे, भेंडखळ ही त्यांची भरतीच्या वेळची विसाव्याची ठिकाणं. यातलं एक जरी सुकलं तरी थवा भलतीकडे भरकटतो, त्यात एखादा रस्त्यावर नाहीतर सोसायटीच्या आवारात पडतो.

हे आपण पाहिलंय. एप्रिल २०२४ मध्ये डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट बंद झाली, तलाव कोरडा पडला आणि त्याच दिवसांत आसपास फ्लेमिंगो मेलेले, जखमी सापडले. पुढं २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून ३० हून जास्त फ्लेमिंगो गेले. ते प्रकरण वेगळं, पण पक्ष्यांची रोजची वाट हलली की धोका वाढतो, हे मानायला हरकत नाही. आता तर नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं डीपीएस तलावाची सुमारे ३० एकर जागा राखीव करायला मंजुरी दिली. चांगलंच झालं. पण नुसत्या राखीव शिक्क्यानं तलावात पाणी येत नाही. बांधाची उघाडी तुंबली तर मागच्या शेताचं काय होतं, हे खारजमीन कसणाऱ्याला सांगायला नको. तलावाचंही तसंच. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतंय का, हेच बघायचं. पाणजे-भेंडखळला तर गावकऱ्यांइतकं रोज बघणारं दुसरं कोण आहे?

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला आणि गावातल्या कोंबड्या माराव्या लागल्या. तो जंगली पक्ष्यांनीच आणला असं म्हणण्यात अर्थ नाही, कोंबड्यांच्या ने-आणीतूनही तो पसरतो. तरी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, कोंबड्यांना जवळ जाऊ देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

जखमी पक्षी जिवंत असेल तर पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, सेल्फीसाठी उचलू नका. भोकं पाडलेलं खोकं वर झाका आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. घरी ठेवून घेणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.