‘च’ नेमका कुठे लावायचा?

खालापूर तालुक्यात सावरोली–खारपाडा रस्त्यावर कुंभिवली आहे. या पट्ट्यात कारखाने आले आणि त्यांच्या फाटकांवर मराठीच्या जोडीला कामापुरती इंग्रजीही आली. ‘साहेब आत्ताच गेले’ याचे तिथे ‘सर वेंट नाऊ ओन्ली’ होते आणि ‘गाडी इथेच लावा’चे ‘पार्क हिअर ओन्ली’. असे बोलणाऱ्याला शहरातून आलेला माणूस हसतो. ते हसणे अन्यायाचे आहे.

कारण त्या ‘ओन्ली’च्या आत मराठीचा ‘च’ आहे. शालेय व्याकरणात ‘च’, ‘मात्र’, ‘फक्त’, ‘केवळ’ ही कैवल्यवाचक शब्दयोगी अव्यये म्हणून शिकवतात. ज्या शब्दावर जोर, त्यालाच ‘च’ चिकटतो. हिंदीतला ‘ही’ हेच काम करतो. म्हणून ‘नाऊ ओन्ली’ देशभर ऐकू येते. क्लाउडिया लांगे यांनी भारतीय बोली इंग्रजीच्या वाक्यरचनेवरच्या 2012 च्या पुस्तकात अशा ‘ओन्ली’चा अभ्यास केला आहे. भाषाशास्त्र ज्याची अशी दखल घेते, त्याला निव्वळ चूक म्हणून झटकता येत नाही.

इंग्रजांचा ‘ओन्ली’ मात्र वाक्यात मोकळा फिरतो. बहुतेकदा तो क्रियापदाआधी बसतो आणि रोख कशावर, हे बोलणाऱ्याचा आवाज सांगतो. तो नेहमी नेमक्या शब्दालाच खेटून हवा, हा पंडितांचा हट्ट फाउलर यांनी इंग्रजीच्या वापराविषयीच्या 1926 च्या आपल्या प्रसिद्ध कोशात खोडून काढला होता.

बोलताना हे ठीक. कारखान्यातल्या लेखी सूचनेला मात्र आवाज नसतो.

‘ऑपरेटर रविवारी व्हॉल्व्ह तपासतो’ हे साधे वाक्य घ्या. ‘ऑपरेटरच’ म्हटले, तर दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ‘रविवारीच’ म्हटले, तर इतर दिवशी तपासणी नाही. ‘व्हॉल्व्हच’ म्हटले, तर बाकीचे भाग राहिले. इंग्रजीत ‘द ऑपरेटर ओन्ली चेक्स द व्हॉल्व्ह ऑन संडे’ असे लिहिले, तर यांतला कोणताही अर्थ निघू शकतो. धोकादायक यंत्राजवळ अशी संदिग्धता परवडणारी नाही.

एक जागा मात्र फसवी आहे. ‘तपासतोच’ म्हणजे हमखास तपासतो; तिथे ‘च’ खात्री देतो. ‘ओन्ली चेक्स’चा अर्थ ‘नुसता तपासतो, दुरुस्ती करत नाही’ असाही होतो. क्रियापदाच्या ‘च’साठी ‘ओन्ली’ चालत नाही, ‘डेफिनेटली’सारखा शब्द लागतो.

धनादेशावर रकमेपुढे ‘फक्त’ किंवा ‘ओन्ली’ लिहितात, ते पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. तिथे हा शब्द कुंपणाचे काम करतो आणि त्याची जागा सगळ्यांना ठाऊक असते. इतर वाक्यांत ती शिकवावी लागते.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ते शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. ‘नाऊ ओन्ली’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत लाल रेघ ओढण्याआधी त्याला मराठीत विचारा, ‘च’ कोणत्या शब्दाला लावशील? उत्तर त्याला येतेच. मग लिहिताना ‘ओन्ली’ बहुतेक वेळा त्या शब्दाच्या आधी बसवायला आणि ‘आत्ताच’साठी ‘जस्ट नाऊ’ म्हणायला शिकवा. मुलाची मराठी इथे अडचण नाही, आधार आहे.