पेटी बघू नका, अंक बघा

लालबाग-परळची चाळ किंवा गिरगावातली वाडी पुनर्विकासाला गेली की खोलीतलं सामान टेम्पोत चढतं आणि सगळ्यात शेवटी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तिच्यात लग्नाचा अल्बम निघतो, कुणाचं तरी मॅट्रिकचं सर्टिफिकेट निघतं आणि तळाशी सुतळीने बांधलेला कॉमिक्सचा गठ्ठा. वेताळ, मँड्रेक, बहादूर, दोन-चार अमर चित्रकथा. पूर्वी हा गठ्ठा थेट कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे जायचा. आता भाचा म्हणतो, "मामा, थांबा जरा, याला पैसे येतात."

खरंच येतात. आणि पैसे येतात म्हटल्यावर लबाडीही येते. म्हणून हे लिहायला बसलो. विकणाऱ्यांनीही वाचावं, विकत घेणाऱ्यांनी तर वाचावंच.

आधी परदेशातली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडातली सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून कॉमिक्सना दर्जा देते. अंक तपासायचा, दहापैकी गुण द्यायचे, कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत तो बंद करायचा आणि वर नंबराची पट्टी लावायची. रंग भरून किंवा कागद जोडून दुरुस्त केलेल्या अंकाला जांभळी पट्टी, म्हणजे घेणाऱ्याला लांबूनच कळावं. व्यवस्था चोख वाटते ना? २०२३ सरता सरता तिथेच घोटाळा उघडा पडला. पेटी उघडून आतला चांगला अंक काढायचा, त्याच जातीचा हलका अंक आत सरकवायचा आणि "पेटी खराब झाली, नवी द्या" म्हणून ती कंपनीकडेच पाठवायची. कंपनी पेटी बदलून द्यायची, अंक पुन्हा तपासायची नाही. हलका अंक भारी गुण मिरवत परत. हे पकडलं कुणी? साध्या संग्राहकांनी. त्याच नंबराच्या अंकाचे जुन्या विक्रीतले फोटो आणि आताचे फोटो त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. नंबर तोच, पण पिना वेगळ्या जागी, कडेवरचा डाग गायब.

तेव्हा पेटीवरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. नंबर खरा असतो. प्रश्न असतो तो आत काय आहे याचा. पेटीच्या कडा नखाने चाचपा. कुठे तडा, पांढुरकी रेघ, गोंदाचा ओघळ, उचकटल्याची खूण दिसली तर पैसे खिशातच राहू द्या. संकेतस्थळावर फोटो असेल तर अंकाचा एकेक कोपरा त्याच्याशी ताडून पाहा.

आपल्याकडे मात्र बहुतेक व्यवहार बिनपेटीच्या, उघड्या अंकाचे. एका अर्थी हे बरंच आहे, अंक हातात घेऊन पाहता येतो. माझी स्वतःची फजिती सांगतो. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर एकाने अमर चित्रकथेचा 'कृष्ण' टाकला, "पहिली छपाई, १९७०" म्हणून. अडीच हजार दिले. अंक आला, छान होता. रात्री भिंग घेऊन प्रकाशकाचा पत्ता वाचला आणि कपाळावर हात मारला. पत्त्यात ४०० ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड! पिनकोड देशात आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी पत्ता "मुंबई १", "मुंबई २६" असा असायचा. म्हणजे माझा 'कृष्ण' नंतरच्या छपाईचा. अमर चित्रकथा पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, त्यात काही गैर नाही. गैर आहे ते दहाव्या छपाईला पहिली म्हणून विकणं. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. पण चूक माझीही, पैसे देण्याआधी पत्त्याचा फोटो मागायला हवा होता.

अशा खुणा अंकावर छापलेल्याच असतात. किमतीत ₹ हे चिन्ह असेल तर अंक २०१० नंतरचा, कारण ते चिन्हच तेव्हा आलं. मुंबईचा फोन नंबर आठ आकडी असेल तर २००२ च्या पुढचा. 'बॉम्बे'चं 'मुंबई' झालं त्यावरून इंग्रजी अंकाचा काळ थोडा कळतो. मराठी अंकाला ती कसोटी लागू नाही, आपण आधीपासून मुंबईच लिहीत होतो.

वेताळ-मँड्रेक छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सची गोष्ट वेगळी. टाइम्स ऑफ इंडियाने ते मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० मध्ये बंद केलं. मधल्या काळात मराठीतही अंक निघत. इथे भीती असते ती स्कॅन करून घरी छापलेल्या नकलेची, आणि नकलेत जुना पत्ता जसाच्या तसा उतरतो. तिथे कागदाला विचारायचं. जुना न्यूजप्रिंट कडेकडून पिवळा पडत आत जातो. पानाचा मधला भाग त्या मानाने फिका राहतो. चहाच्या पाण्यात बुडवलेलं पान सगळीकडे सारखं तपकिरी दिसतं. भिंगातून चित्र पाहिलं तर जुन्या छपाईत रंगाचे सुटे, नीटस ठिपके दिसतात. स्कॅनच्या नकलेत ठिपक्यांवर ठिपके चढून चिखल झालेला असतो. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी मारा. आजचा पांढरा कागद निळसर चमकतो, जुना न्यूजप्रिंट सहसा मख्ख राहतो.

आणि पिना. मुंबईच्या दमट हवेत पन्नास पावसाळे काढलेली पिन गंजते आणि भोवतीच्या कागदावर तांबूस वर्तुळ उमटवते. पिन चकचकीत आणि वर्तुळ मात्र गंजाचं, किंवा पिनेशेजारी दुसरी रिकामी भोकं, असं दिसलं की समजा अंक उसवलेला आहे. मुखपृष्ठ एका अंकाचं, पोट दुसऱ्याचं, हा प्रकार यातूनच होतो. मधली पानं गायब असतात तीही अशीच. म्हणून पानं मोजा. कोडं सोडवण्यासाठी, कुपनासाठी कापलेला तुकडा आहे का पाहा. 'आवाज'च्या जुन्या दिवाळी अंकातल्या उघडायच्या चित्र-खिडक्या शाबूत आहेत का, हे तर आधी पाहायचं. आमच्या पिढीने त्या उघडून उघडून फाडल्या आहेत.

फुटपट्टी जवळ ठेवा. फाटकी कड कटरने सरळ कापली की अंक नवा दिसतो, पण दोन-तीन मिलिमीटर लहान होतो. मुखपृष्ठावरचा काळा रंग जास्तच काळा वाटला तर पान उलटा, मार्करची शाई मागे फुटलेली असते.

आता ज्यांच्या घरात ट्रंक निघाली त्यांना हात जोडून विनंती. अंकाला सेलोटेप लावू नका. फेव्हिकॉल नको, स्केचपेन नको, घरातली इस्त्री तर मुळीच नको. सजवलेल्या अंकापेक्षा फाटका पण प्रामाणिक अंक जास्त किमतीचा. कुणी आधीच काही चिकटवलं असेल तर विकताना तोंडाने सांगा. आणि "सगळा गठ्ठा पाचशेला द्या काकी, जागा तरी रिकामी होईल" म्हणत दारात कुणी आलं तर त्याच दिवशी देऊ नका. दुसऱ्या दोघांना दाखवा.

पैशाचं थोडक्यात. शक्यतो समोरासमोर, उजेडात, अंक हातात घेऊन व्यवहार करा. तुमच्या खात्यात पैसे यायला यूपीआयचा पिन लागत नाही. जो मागतो तो चोर. फसलातच तर लाजू नका, लगेच सायबर हेल्पलाइनच्या १९३० वर फोन करा आणि चॅट पुसू नका. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत ३१८ वं कलम आहे. गुन्हा लहान रकमेचाही होतो.

आज संध्याकाळी एक काम करा. गठ्ठ्यातल्या बऱ्या अंकांचे मोबाइलवर फोटो काढा: पुढचं पान, मागचं पान, दोन्ही पिना, मधलं पान, पत्त्याची ओळ. अमेरिकेतली चोरी जुन्या फोटोंनीच पकडली. अंक विकायचा असो वा नसो, फोटो काढून ठेवा.